शकुन कोणाच्या गळ्यात?

दहावीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. उताऱ्यात एक वाक्य आले. जूनचा पहिला पाऊस वेळेवर झाला, ही पिकांच्या दृष्टीने चांगली खूण आहे, अशा अर्थाचे. त्यात 'ऑगर्स वेल' असे शब्द होते. एका मुलाने विचारले, "सर, ऑगर का मतलब?" आमची शाळा उर्दू माध्यमाची, म्हणून मी फळ्यावर सवयीने लिहिले : शगुन होना, आसार नज़र आना. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, शगुन मानना तो मना है ना? फिर किताब में क्यूँ है?"

वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही. मुलीचा प्रश्न भाषेचा नव्हता, ईमानाचा होता. आणि त्याचे उत्तर मला माझ्या स्वतःच्या घरात बत्तीस वर्षांत धडपणे देता आलेले नाही. तास संपला. शब्द मात्र डोक्यातून जाईना. त्या शब्दाचा माग काढत गेलो, तेव्हा जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे.

'ऑगर' हे इंग्रजीत क्रियापदही आहे आणि नामही. आज ते बहुतेक क्रियापद म्हणून वापरले जाते आणि त्याच्या मागे 'वेल' किंवा 'इल' यांपैकी एक शब्द येतो : अमुक गोष्ट चांगले सुचवते, तमुक गोष्ट वाईट सुचवते. मूळ शब्द मात्र माणसाचा होता. प्राचीन रोममध्ये ऑगर हा एक अधिकारी पुरोहित असे. युद्धाला निघायचे असो, सभा भरवायची असो, तो आकाशाचे भाग पाडून बसायचा आणि पक्षी कोणत्या दिशेने आले, कसे ओरडले, कसे टिपले, यावरून देवांची मर्जी सांगायचा. शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. काही जण तो लॅटिनमधल्या पक्षीवाचक 'आविस'शी जोडतात, तर काही वाढ, वृद्धी या अर्थाच्या धातूशी. पण त्याच्या शेजारचा 'ऑस्पिशस', म्हणजे शुभ, हा शब्द निःसंशय पक्षी पाहण्यातूनच आला आहे. आपण कार्यक्रमपत्रिकेवर हौसेने छापतो ते 'इनॉगरेशन' हेही याच ऑगरचे अपत्य. फीत कापण्याआधी पक्ष्यांचा कौल घेणे, हा त्याचा मूळ अर्थ.

आता गंमत पाहा. आपला 'शकुन' हा शब्द संस्कृतातला. त्याचाही पहिला अर्थ पक्षी. त्याच शब्दाचे रूप उर्दूत शगुन झाले. अरबीत पक्ष्याला 'तैर' म्हणतात आणि अपशकुन मानण्याला 'तियरा' किंवा 'ततय्युर'. इस्लामपूर्व अरब प्रवासाला निघताना पक्षी उडवून पाहत. तो कोणत्या बाजूला गेला यावर निघायचे की घरी बसायचे हे ठरे. रोम, अरबस्तान आणि आपला देश यांच्यात समुद्र आणि वाळवंटे होती, पण तिन्हीकडच्या माणसाने आपली भीती एकाच प्राण्याच्या पंखांवर ठेवली. मराठवाड्यात तर पिंगळा हा पक्षीही आहे आणि पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा माणूसही. टिटवी ओरडली की आजही म्हातारी माणसे दचकतात. कावळा ओरडला की पाहुण्यासाठी पीठ जास्त मळले जाते. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार.

या सगळ्यात पक्ष्याचा दोष काय? मुंबईचे डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनी सारे आयुष्य पक्षी पाहण्यात घालवले. पक्षी काय खातो, घरटे कुठे बांधतो, कोणत्या महिन्यात कुठून येतो, हे त्यांनी पाहिले. पक्षी माझ्याविषयी काय सांगतो, हा त्यांचा प्रश्न नव्हता. म्हणूनच त्यांना पक्षी दिसला. शकुन पाहणाऱ्याला मात्र पक्ष्यात स्वतःचीच भीती दिसते.

इथपर्यंत विषय सोपा आहे. कावळ्याने काही बिघडत नाही. पण पक्ष्याच्या जागी माणूस आला की काय होते, ते मला घरातच पाहायला मिळाले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. उदगीरला आमच्या गल्लीत लोक चादरी गुंडाळून रस्त्यावर आले, भांडी फळीवरून पडली, कुत्री भुंकत होती, एवढे आठवते. अम्माला आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या. दाई घरातच होती. फजरच्या अज़ानच्या सुमारास माझी धाकटी बहीण जन्मली. दुपारपर्यंत औसा तालुक्यातून बातमी आली. दादीची सख्खी बहीण माळवदाखाली गेली होती. तिची दोन नातवंडेही. दादीने पाळण्याकडे पाहिले आणि तिच्या तोंडून एक वाक्य निघाले : "ये पोट्टी ज़मीन हिला के आई."

दादी वाईट बाई नव्हती. दुष्काळात तिने शेजाऱ्यांच्या घरी भाकरी पोचवलेल्या आहेत. त्या दिवशी तिची बहीण गेली होती, आणि दुःखाला नेहमी एक कारण हवे असते. जमिनीला जाब विचारता येत नाही. अल्लाहला विचारायची हिंमत होत नाही. पाळण्यातले मूल मात्र समोर असते आणि ते उत्तरही देऊ शकत नाही. पुढे दादीचे वाक्य गल्लीत गेले, नातेवाइकांत गेले, आणि बहिणीचे नावच 'भूकंपवाली' पडले. सुरुवातीला लाडाने. मग लाड कधी संपला ते कुणाच्या लक्षात आले नाही. कुणी परगावी निघाले की तिला आत पाठवले जाई. नवरी घरात येताना ती उंबऱ्यापाशी नसे. एक स्थळ चांगले आले होते. चहा झाला, बोलणे झाले, आणि कुणीतरी सहज जन्मतारीख विचारली. ते लोक पुन्हा आले नाहीत.

इथे मला स्वतःविषयी सांगितलेच पाहिजे, नाही तर हा लेख खोटा ठरेल. २०१२ साली मी बी.एड. होऊन मुलाखतीला निघालो होतो. मानसशास्त्राच्या पेपरात अंधश्रद्धेवर उत्तर लिहून गुण मिळवलेला माणूस! त्या पहाटे अम्मा हळूच म्हणाली, "वो उठने के पहले निकल." आणि मी निघालो. चपला हातात घेऊन, मागच्या दाराने. वळताना पाहिले, तर बहीण अंथरुणात जागीच होती. तिने डोळे मिटून घेतले. माझी सोय व्हावी म्हणून.

नोकरी मिळाली. घरात सगळे म्हणाले, बघा. शकुनाची खरी विषबाधा इथे असते. मी नापास झालो असतो, तर कुठेतरी तिची सावली पडली असे ठरले असते. पास झालो, तर सावली चुकवली म्हणून. दोन्हीकडून निकाल तिच्याविरुद्ध. ज्या विधानाला खोटे ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याला ज्ञान म्हणता येत नाही. ती शिक्षा असते, आणि तीही एकाच माणसाने भोगायची.

वर्गातल्या मुलीने विचारले होते की शगुन मानणे मना आहे ना? आहे. पण का मना आहे, हे आपण मुलांना सांगत नाही. हराम-हलालची यादी पाठ करून घेतो आणि तिच्यामागचा न्याय विसरतो. पवित्र कुरआनच्या सूरह यासीनमध्ये एका वस्तीची हकिगत आहे. तिथे सत्य सांगायला आलेल्यांनाच लोक म्हणतात की तुम्ही आमच्यासाठी अपशकुनी आहात, आणि ते उत्तर देतात की तुमचा अपशकुन तुमच्याबरोबरच आहे. हज़रत मूसा (अ.) यांच्या बाबतीत फिरऔनच्या लोकांनीही हेच केले. चांगले झाले की आमच्या हक्काचे, वाईट झाले की मूसा आणि त्यांच्या साथीदारांमुळे. म्हणजे कुरआनात अपशकुन मानणारे पुन्हा पुन्हा कोण आहेत? आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर टाकणारे. आणि सूरह बनी इस्राईलमध्ये तर पक्षीवाचक शब्दच वापरून सांगितले आहे की प्रत्येक माणसाचा 'ताइर' त्याच्या स्वतःच्याच गळ्यात बांधलेला आहे. भाष्यकार त्याचा अर्थ माणसाचे कर्म, त्याचा हिशेब असा करतात. म्हणजे माझा पक्षी माझ्या गळ्यात. तो मी बहिणीच्या गळ्यात बांधू शकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट इ. स. ६३२ ची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम मदीन्यात वारला. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, सूर्यसुद्धा इब्राहीमच्या मृत्यूने काळवंडला. विचार करा, पुत्रशोकात बुडालेल्या बापासाठी याहून सांत्वनाचे वाक्य कोणते असेल? आणि नव्या धर्माच्या प्रेषिताला याहून मोठा 'चमत्कार' कोणता? पण त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र यांना कुणाच्या मरणाने ग्रहण लागत नाही आणि कुणाच्या जन्मानेही नाही. हा हदीस मी लहानपणापासून ऐकत होतो. 'आणि कुणाच्या जन्मानेही नाही' हे शब्द मला ऐकू यायला तीस वर्षे लागली. कुणाच्या जन्माने सूर्य झाकला जात नसेल, तर जमीन तरी कशी हलेल?

याच संदर्भात आणखी एक नोंद हदीसग्रंथांत आहे. घर, घोडा आणि स्त्री यांत अपशकुन असतो, असे एक वचन काही जण सांगत होते. ते हज़रत आयेशा (र.) यांच्या कानी गेले, तेव्हा त्या संतापल्या. हे प्रेषितांचे मत नव्हते, अज्ञानकाळातले लोक असे म्हणत असत एवढेच प्रेषितांनी सांगितले होते, असा त्यांनी खुलासा केला. सुनेचा पायगुण मोजणाऱ्या प्रत्येक घरात ही नोंद मोठ्याने वाचली पाहिजे. कारण पायगुण ही काही फक्त आपल्या हिंदू शेजाऱ्यांची गोष्ट नाही. सफर महिन्याच्या पहिल्या तेरा दिवसांना 'तेरा तेज़ी' म्हणून आपल्या दख्खनी मुसलमानांची घरेही घाबरतात. लग्ने थांबतात, अंडी आणि डाळ उतरवून दान दिली जाते. सफरमध्ये काही अशुभ नाही असे प्रेषितांनी सांगितले असूनही!

मग पुढचे काहीच बोलू नये का? तसेही नाही. इथे आमच्या गावचाच इतिहास आठवतो. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळवला. त्या विजयाने भाऊंचे नाव झाले आणि उत्तरेच्या मोहिमेची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या क्षणी कुणालाही हे चांगलेच लक्षण वाटले असणार. वर्ष पुरते व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. भाऊ पडले. त्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहीमखान गारदी, जो पूर्वी निजामाच्या नोकरीत होता, अखेरपर्यंत त्यांच्या बाजूने लढून पकडला गेला आणि मारला गेला. उदगीरचा विजय खरा होता. पण त्यातून पानिपत वाचता येत नव्हते. दख्खनेत चाललेले डावपेच हजार कोसांवर, रसद तुटलेल्या सैन्याला पुरतील की नाही, हा प्रश्न विजयाला विचारायचा नसतो, हिशेबाला विचारायचा असतो.

उलट बाजूची गोष्ट रोमची आहे. इ. स. पूर्व २४९ मध्ये क्लॉडियस नावाचा सेनापती आरमार घेऊन लढाईला निघाला. शकुनाच्या कोंबड्या दाणे टिपेनात. तो चिडला, खात नाहीत तर पाणी पिऊ द्या म्हणून त्याने त्या समुद्रात फेकल्या, आणि लढाई हरला. रोमन लोकांनी कोंबड्यांना खरे मानले. पण शत्रू बंदरातून निसटून खुल्या समुद्रात आला आणि क्लॉडियसची जहाजे किनाऱ्याला अडकली, म्हणून तो हरला. आणि गंमत म्हणजे, सिसेरोसारखा विद्वान स्वतः ऑगरच्या पदावर होता, तरी त्याने भविष्यकथनाचा खोटेपणा दाखवणारा ग्रंथ लिहिला.

आता पुन्हा किल्लारीकडे येऊ. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्या भागात लहान धक्के बसले होते. भूकंपाच्या नकाशात मात्र हा भाग सर्वांत कमी धोक्याचा समजला जात असे. तो अंदाज चुकला. पुढे २००२ च्या नकाशात हा परिसर वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात टाकला गेला. अंदाज आणि शकुन यांतला फरक इथे दिसतो. अंदाज चुकला की नकाशा बदलतो. शकुन चुकला तरी पाळण्यातली मुलगी तीच राहते. दुसरे असे की भूकंप कोणत्या दिवशी येईल हे आजही कोणताच शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. पण आला तर कोणते घर पडेल, हे सांगता येते. आमच्याकडची जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आणि वर लाकडांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड, भूकंपात कबर. माणसे हजारोंनी मेली, मोजदाद कुठे आठ हजारांच्या आसपास आहे, कुठे दहा हजारांच्या जवळ. दादीची बहीण माझ्या बहिणीच्या जन्माने गेली नाही. ती त्या माळवदाने गेली. हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारले असते, तर एका मुलीचे बालपण वाचले असते आणि कदाचित पुढची दहा घरेही नीट बांधली गेली असती.

म्हणून मला वाटते, भविष्याविषयीच्या कोणत्याही विधानाला दोन प्रश्न विचारावेत. हे कशावरून? आणि हे चुकले तर किंमत कोण मोजणार? हवामानखाते पावसाचा अंदाज देते, तेव्हा आधार सांगते आणि किती टक्के चूक होऊ शकते तेही सांगते. चुकले तर टीकाही त्यालाच ऐकावी लागते. अपशकुन सांगणारा यांतले काहीच करत नाही. इंग्रजी क्रियापदाचा प्रवास इथे मला अर्थपूर्ण वाटतो. रोममध्ये ऑगर हा माणूस होता, निदान त्याला नाव-गाव होते. आज 'अमुक गोष्ट ऑगर करते' असे म्हणतात. माणूस वाक्यातून निघून गेला. आपणही म्हणतो, "लक्षण बरे दिसत नाही." कुणाला दिसत नाही? बोलणाऱ्याचे नावच नाही, मग जबाबदारी कुणाची?

आम्ही शिक्षक तर रोजचे ऑगर. "हा दहावी होत नाही." "हिला शिकवून काय फायदा?" निकालाच्या दिवशी आम्ही मान डोलावतो, मी म्हटलेच होते. पण आपण म्हटले म्हणून तर झाले नाही ना, हे तपासत नाही. प्रेषितांनी (स.) अपशकुन नाकारला, पण 'फाल' आवडतो असे सांगितले. फाल म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, चांगला शब्द. चांगला शब्द भविष्य सांगत नाही. तो ऐकणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो, एवढेच. महाभारतातल्या शकुंतलेचे नावही पक्ष्यांवरूनच आले आहे. रानात टाकून दिलेल्या त्या तान्ह्या मुलीला पक्ष्यांनी पंखाखाली घेतले होते. टाकून देणारी माणसे होती, पक्षी नव्हेत.

यंदा जूनमध्ये माझी मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली. बहीण माहेरी आली होती. निघायची वेळ झाली तशी ती सवयीने स्वयंपाकघरात गेली. मी हाक मारली. "राहू द्या भाई," ती आतून म्हणाली, "पहला दिन है." मी म्हटले, "म्हणूनच." ती हात पुसत बाहेर आली, मुलीची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "जा बेटा, अच्छा पढ." बस्स, तेवढेच.

दुपारी मुलगी गुडघा फोडून घरी आली. कुणी काही बोलले नाही. पण अम्माने एकदा बहिणीकडे पाहिले आणि बहिणीने मान खाली घातली. बत्तीस वर्षे एका हाकेने पुसली जात नाहीत. मी अम्माजवळ बसलो आणि सांगितले, "शाळेच्या मैदानात बांधकामाची खडी सांडलीय. तिच्यावरून पाय घसरला." अम्मा गप्प राहिली. मग म्हणाली, "तो खडी उठाओ ना."

दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन मी आणि दोन पालकांनी ती खडी उचलून भिंतीकडेला लावली. दहा घमेली भरली.